नाव नसलेली लढाई : दंतिदुर्ग, कीर्तिवर्मा आणि वेरूळचा उदय

छत्रपती संभाजीनगर : वेरूळच्या कैलास लेण्यापुढे बाराही महिने पर्यटकांची रीघ लागलेली असते. शेजारच्या पंधराव्या क्रमांकाच्या दशावतार लेण्याकडे मात्र पायऱ्या चढून जाण्याची तयारी असलेलेच वळतात. या दुमजली लेण्याच्या प्रांगणात खडकातून कोरलेला एक मंडप आहे. त्याच्या भिंतीवर राष्ट्रकूट घराण्याची वंशावळ आणि राजा दंतिदुर्गाची प्रशस्ती सांगणारा एक संस्कृत शिलालेख आहे. लेख झिजलेला आहे आणि त्यावर तारीखही नाही. तरीही दख्खनच्या इतिहासाला वळण देणाऱ्या एका संघर्षाचा मागोवा घेणारा अभ्यासक या भिंतीपाशी आल्यावाचून राहत नाही.

हा संघर्ष म्हणजे बदामीचा शेवटचा चालुक्य सम्राट दुसरा कीर्तिवर्मा आणि त्याचाच मांडलिक राष्ट्रकूट दंतिदुर्ग यांच्यातील लढाई. आठव्या शतकाच्या मध्यास झालेल्या या लढाईने सुमारे २०० वर्षे टिकलेली चालुक्यांची सत्ता मोडली आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षे दख्खनवर राष्ट्रकूटांचा अंमल बसला. एवढ्या मोठ्या घटनेला इतिहासात नाव नाही. पानिपत, तालिकोट, खर्डा ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण ही लढाई कोणत्या गावाजवळ झाली, किती सैन्य उतरले, किती दिवस चालली, याविषयी समकालीन लेखांत अवाक्षर नाही. हाती आहेत ते मोजके ताम्रपट, दोन-तीन शिलालेख आणि त्यांवरील तारखा. पाठ्यपुस्तकांत 'इ.स. ७५३ मध्ये दंतिदुर्गाने चालुक्यांचा पराभव केला' असे एका वाक्यात हे प्रकरण संपते. तारखा एकापुढे एक मांडल्या की मात्र निराळेच चित्र दिसू लागते.

मांडलिक आणि सम्राट

बदामीच्या चालुक्यांची कीर्ती सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीने कळसाला नेली. उत्तरेच्या सम्राट हर्षवर्धनाला त्याने रोखल्याचे वर्णन कवी रवीकीर्तीच्या इ.स. ६३४ मधील ऐहोळे शिलालेखात आहे. पुढे दुसऱ्या विक्रमादित्याने कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला. त्याची राणी लोकमहादेवी हिने या विजयाच्या स्मरणार्थ पट्टदकल येथे भव्य शिवमंदिर उभारले; तेच आजचे विरूपाक्ष मंदिर होय. विक्रमादित्याचा पुत्र कीर्तिवर्मा इ.स. ७४५ च्या सुमारास गादीवर आला. तोही नवखा नव्हता. युवराज असतानाच त्याने पल्लवांविरुद्ध मोहीम काढली होती. पुणे जिल्ह्यातील केंदूर येथे सापडलेला त्याचा शके ६७२ (इ.स. ७५०) चा ताम्रपट या मोहिमेची माहिती देतो. लढाईच्या जेमतेम तीन वर्षे आधीपर्यंत चालुक्यांचा दरबार आपल्या वैभवात होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

या साम्राज्याच्या उत्तर भागात, आजच्या मराठवाड्याच्या परिसरात, राष्ट्रकूट घराणे हळूहळू बळावत होते. वेरूळ ताम्रपट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शके ६६३ (इ.स. ७४१-७४२) च्या दानपत्रात दंतिदुर्ग अद्याप स्वतःला 'महासामंताधिपती' म्हणवतो. म्हणजे तो बलाढ्य असला तरी सम्राट नव्हता. याच्या थोडे आधी, इ.स. ७३८-३९ च्या नवसारी ताम्रपटात चालुक्यांचा गुजरातेतील सामंत अवनिजनाश्रय पुलकेशी याने सिंधकडून आलेल्या अरब फौजेला नवसारीजवळ परतवून लावल्याचे सांगितले आहे. या युद्धात तरुण दंतिदुर्गानेही चालुक्यांच्या बाजूने तलवार गाजवली असावी आणि त्याबद्दल त्याला मानाचे किताब मिळाले असावेत, असे अनेक इतिहासकार मानतात. ते खरे असेल, तर ज्या सत्तेच्या रक्षणासाठी तो लढला, तीच सत्ता त्याने पुढे बारा-पंधरा वर्षांत उलथवली.

नातेसंबंधांनी हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे केले आहे. अमोघवर्षाच्या शके ७९३ (इ.स. ८७१) च्या संजान ताम्रपटानुसार दंतिदुर्गाचा पिता इंद्र याने खेटक, म्हणजे गुजरातमधील खेडा, येथील विवाहमंडपातून चालुक्य राजकन्येला बळाने पळवून आणले व तिच्याशी राक्षसविवाह केला. भवगणा किंवा भवनागा या नावाने ओळखली जाणारी ही चालुक्यकन्या दंतिदुर्गाची आई. हे वर्णन घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिले गेले, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही आईकडून चालुक्यांचे रक्त असलेल्या मांडलिकाने चालुक्य सम्राटावर शस्त्र धरले, एवढे यातून निश्चित होते.

जमिनीच्या दस्तऐवजात दडलेले युद्ध

या लढाईची साक्ष तपासण्याआधी ताम्रपट म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. ताम्रपट हा मूलतः जमिनीचा दस्तऐवज. राजाने एखाद्या ब्राह्मणाला किंवा देवालयाला गाव अथवा जमीन दान दिली की तिचा मजकूर तांब्याच्या पत्र्यांवर कोरला जाई. सामान्यतः तीन पत्रे एका कडीत ओवून कडीवर राजमुद्रा ठोकली जाई. मजकुराच्या आरंभी राजाच्या पूर्वजांची व त्याची स्तुती, मग दानाचे कारण, तिथी, राजाचा मुक्काम, गावाच्या चतुःसीमा, दान घेणाऱ्याचे नाव व गोत्र आणि शेवटी दान हिरावून घेणाऱ्याला शाप, अशी त्याची ठरलेली रचना असते.

ताम्रपटाच्या दोन भागांची विश्वासार्हता सारखी नसते. स्तुतीचे श्लोक दरबारी कवीचे असत. एकदा रचलेले श्लोक पुढच्या पिढ्यांच्या दानपत्रांतही जसेच्या तसे उतरवले जात. पराभवाचा उल्लेख सहसा होत नसे. याउलट तिथी, मुक्काम आणि गावाचे नाव हा कायदेशीर भाग होता. त्यात चूक झाली तर दानच धोक्यात येई. त्यामुळे युद्धाचा शोध घेताना विजयाच्या श्लोकांपेक्षा तिथी आणि राजाचा तळ यांना अधिक वजन द्यावे लागते.

विजेत्याची बाजू

दंतिदुर्गाच्या बाजूची मुख्य साक्ष म्हणजे सामानगड ताम्रपट. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात असलेल्या या किल्ल्यावर सापडलेल्या दानपत्राची तिथी शके ६७५, माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे रथसप्तमी अशी आहे. इंग्रजी कालगणनेनुसार हा जानेवारी ७५४ चा आरंभ ठरतो. यात दंतिदुर्ग सामंत राहिलेला नाही. त्याला राजाधिराज आणि परमेश्वर अशी सम्राटाची बिरुदे लावलेली आहेत. वल्लभाला, म्हणजे चालुक्य राजाला, जिंकून त्याने ही पदवी मिळवली, असे ताम्रपट सांगतो. लढाई ७५३ मध्ये झाली, या सर्वमान्य मताचा आधार हाच.

लढाईचे वर्णन करणारे यातील दोन श्लोक मात्र चक्रावून टाकतात. पहिल्याचा आशय असा, की भुवई न चढवता, धारदार शस्त्र न उचलता, विशेष प्रयासही न करता दंतिदुर्गाने वल्लभाला तत्काळ जिंकले. दुसरा श्लोक सांगतो, की कांचीचा राजा, केरळ, चोळ, पांड्य, हर्ष आणि वज्रट यांना नमवण्यात वाकबगार असलेले कर्नाटकाचे अफाट सैन्य त्याने थोड्याच सेवकांनिशी जिंकले.

पहिल्या श्लोकावरून ही घमासान लढाई नसून अचानक छापा, फितुरी किंवा मुत्सद्देगिरीचा डाव असावा, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तो अशक्य नाही. पण 'घाम न गाळता शत्रू जिंकला' ही राजस्तुतीची नेहमीची तऱ्हा असल्याने त्यावर फार भार टाकता येत नाही. दुसरा श्लोक अधिक बोलका आहे. पराभूत सैन्याच्या पराक्रमाची जी यादी त्यात दिली आहे, ती चालुक्यांच्याच दानपत्रांतून मिरवली जाणारी आहे. हर्षावरील विजयाला तोवर शतक उलटून गेले होते. तरी तो चालुक्यांच्या प्रत्येक वंशावळीत डोकावत असे. राष्ट्रकूटांच्या कवीने शत्रूचीच ही कीर्ती उचलली आणि अशा सैन्याला हरवणारा किती मोठा, असा सवाल उभा केला. युद्धाचा तपशील यातून मिळत नाही. दंतिदुर्गाला कोणाची जागा घ्यायची होती, ते मात्र कळते.

सामानगड ताम्रपटावर आक्षेपही आहेत. त्यातील अक्षरांचे वळण नागरी आहे आणि आठव्या शतकाच्या मध्यासाठी ते फार पुढचे वाटते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेले डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी अक्षरवळणाच्या आधारे या पत्र्यांच्या काळाविषयी शंका घेतली होती. पत्रे नंतरची नक्कल असली, तरी मूळ मजकूर व तिथी ग्राह्य असू शकतात; म्हणूनच बहुतेक इतिहासकारांनी ७५३ हे साल कायम ठेवले आहे.

पराभूताची बाजू

कीर्तिवर्म्याच्या बाजूने पराभवाचे वर्णन मिळणार नाही, हे उघड आहे. पण त्याच्या काळातील दोन लेखांच्या तिथी पाठ्यपुस्तकातील एका वाक्याला छेद देतात.

पहिला लेख पट्टदकलच्या एका स्तंभावर आहे. गंगेच्या काठाहून आलेल्या ज्ञानशिवाचार्यांनी उभारलेल्या या स्तंभावर एकच मजकूर उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा दोन लिप्यांत कोरला आहे. त्यातील सूर्यग्रहणाच्या उल्लेखावरून त्याची तारीख २५ जून ७५४ अशी काढण्यात आली. या लेखात राज्य करणारा राजा म्हणून कीर्तिवर्म्याचेच नाव आहे. सामानगडच्या तिथीनंतर सुमारे सहा महिन्यांनीही चालुक्यांच्या राजधानीच्या परिसरात त्याचीच सत्ता मानली जात होती, असा याचा सरळ अर्थ होतो.

दुसरा लेख त्याहून महत्त्वाचा आहे. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात वक्कलेरी येथे सापडलेल्या ताम्रपटाची तिथी शके ६७९, भाद्रपद पौर्णिमा, म्हणजे सप्टेंबर ७५७ आहे. या वेळी कीर्तिवर्म्याचा लष्करी तळ भीमा नदीच्या उत्तर तीरावर 'भंडारगवित्तगे' या गावी होता. सोलापूर जिल्ह्यातील भंडारकवठे हे गाव म्हणजेच ते ठिकाण, असे मानले जाते. दान दिलेले गाव मात्र दूर दक्षिणेला, पानुंगल म्हणजे आजच्या हानगलच्या मुलखात आहे.

पराभवानंतर चार वर्षांनीही कीर्तिवर्मा गाव दान देण्याच्या स्थितीत होता आणि तुंगभद्रेच्या बाजूचा प्रदेश त्याच्या हाती होता. शिवाय तो बदामीत दडून बसलेला नव्हता. फौजेसह भीमा ओलांडून राष्ट्रकूटांच्या दिशेला उतरला होता. गेलेला मुलूख परत मिळवण्याच्या मोहिमेवर तो असावा, हा तर्क या मुक्कामावरूनच बांधला जातो. पावसाळ्याच्या अखेरीस भीमेच्या पलीकडे पडलेला हा तळ म्हणजे चालुक्य सम्राटाचे इतिहासातील शेवटचे निश्चित दर्शन होय.

वराहाचे हरिण झाले

दरम्यान दंतिदुर्ग निपुत्रिक मरण पावला आणि इ.स. ७५६ च्या सुमारास त्याचा चुलता पहिला कृष्ण गादीवर आला. म्हणजे वक्कलेरी ताम्रपटातील तळावरून कीर्तिवर्मा ज्याच्याशी झुंजणार होता, तो शत्रू आता कृष्ण होता. या दुसऱ्या लढ्याची आठवण शके ७३४ (इ.स. ८१२) च्या बडोदे ताम्रपटात एका कल्पक श्लोकाच्या रूपाने उरली आहे. युद्धाची खुमखुमी चढून अंगावर आलेल्या महावराहाचे कृष्णाने हरिण करून टाकले, असे त्यात म्हटले आहे. वराह हे चालुक्यांचे राजचिन्ह. रानडुकराचे हरिण होणे म्हणजे चाल करून येणाऱ्याने पळ काढणे. 'अंगावर आलेल्या' हे शब्द भीमेच्या उत्तर तीरावरील तळाशी तंतोतंत जुळतात.

कृष्णाचा तळेगाव ताम्रपट शके ६९० (इ.स. ७६८) चा आहे. तो देताना त्याचा मुक्काम गंगवाडीत मण्णे येथे, म्हणजे आजच्या बंगळूरूच्या परिसरात होता. चालुक्यांचा संपूर्ण मुलूख ओलांडल्याशिवाय राष्ट्रकूट फौज तिथे पोचणे शक्य नव्हते. कीर्तिवर्म्याचा अंत त्यामुळे सप्टेंबर ७५७ आणि ७६८ यांच्या दरम्यान, बहुधा या कालखंडाच्या आरंभीच, झाला असला पाहिजे. इ.स. १००९ च्या कौठे ताम्रपटात कल्याणीच्या चालुक्यांनी कीर्तिवर्म्याच्या वेळी आपल्या घराण्याची राज्यलक्ष्मी लोपली, अशी कबुली दिली आहे. पण ती कुठे आणि कशी लोपली, ते त्यांनीही सांगितलेले नाही.

एका दिवसात निकाली निघालेली लढाई, असे ज्याला समजले जाते, ते प्रत्यक्षात किमान चार वर्षे चाललेले आणि दोन राष्ट्रकूट राजांनी लढलेले युद्ध होते. त्याचा आरंभ दंतिदुर्गाने केला आणि शेवट कृष्णाने.

रणभूमीचा प्रश्न

रणभूमी हरवलेली ही एकच लढाई नव्हे. इंग्लंडचा राजा अ‍ॅथेलस्टन याने इ.स. ९३७ मध्ये डब्लिनचा नॉर्स राजा आणि स्कॉटलंडचा राजा यांच्या संयुक्त सैन्याला ब्रुनानबर येथे हरवले. या लढाईचे नाव माहीत आहे, तिच्यावर त्या काळात रचलेले काव्यही उपलब्ध आहे. तरी ब्रुनानबर म्हणजे नेमके कुठले ठिकाण, यावर तिथल्या अभ्यासकांचे आजही एकमत नाही. तिथे बखरीसारखी वर्षनिहाय नोंदवही ठेवण्याची पद्धत होती. दख्खनमध्ये ती नव्हती. त्यामुळे इथे स्थळच नव्हे, नावही हरवले.

दख्खनच्या बाबतीत निदान सीमारेषा तरी आखता येते. राष्ट्रकूटांचे बळ वेरूळच्या बाजूला, चालुक्यांचे मलप्रभेच्या खोऱ्यात. मधला पट्टा गोदावरी ते भीमा-कृष्णेचा. सामानगडचा ताम्रपट या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला आणि भंडारकवठे त्याच्या मध्यावर. सत्तांतराचे हे नाट्य आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर घडले असण्याची शक्यता त्यामुळे बळावते. याहून अधिक अचूक स्थळ सांगण्यास आजचा पुरावा पुरत नाही.

विजयाचे स्मारक

या लढाईचे परिणाम मात्र डोळ्यांनी पाहता येतात. दख्खनच्या सत्तेचा काटा मलप्रभेच्या खोऱ्याकडून वेरूळकडे झुकला. संजान ताम्रपटानुसार दंतिदुर्गाने उज्जयिनीत हिरण्यगर्भ महादान केले आणि गुर्जर राजासह इतर राजांना द्वारपाल केले. कृष्णाच्या काळात एलापुरावर, म्हणजे वेरूळवर, एक अद्भुत शिवमंदिर कोरले गेले. ते पाहून आकाशातून जाणारे देव थक्क झाले आणि ते घडवणारा शिल्पीही स्वतःच्या हातून हे कसे झाले म्हणून विस्मित झाला, अशा आशयाचे वर्णन वर उल्लेखिलेल्या बडोदे ताम्रपटातच आहे. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी या वर्णनाचा संबंध कैलास लेण्याशी जोडला आणि तो पुढे सर्वमान्य झाला.

कैलासची रचना पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी कमालीची मिळतीजुळती आहे. कांचीच्या विजयानंतर चालुक्यांनी पल्लवांची मंदिरशैली आपलीशी केली. चालुक्यांच्या पाडावानंतर राष्ट्रकूटांनी तीच शैली वेरूळच्या कातळात उतरवली. चालुक्यांच्या राज्यासोबत त्यांच्या शिल्पपरंपरेचा वारसाही विजेत्याकडे आला.

बिरुदाचेही तेच झाले. 'श्रीपृथ्वीवल्लभ' हे चालुक्यांचे बिरुद राष्ट्रकूटांनी घेतले आणि ते 'वल्लभराज' म्हणवू लागले. नवव्या शतकात आलेल्या अरब व्यापाऱ्यांच्या तोंडी त्याचे 'बल्हारा' झाले. इ.स. ८५१ च्या अरबी वृत्तांतात, ज्याचे कर्तृत्व सुलेमान या व्यापाऱ्याकडे दिले जाते, बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा राजा यांच्यासोबत या बल्हाराला जगातील चार थोर राजांत गणले आहे. शंभर वर्षांपूर्वी मांडलिक म्हणून दानपत्र देणाऱ्या घराण्याची ही झेप होती.

दशावतार लेण्यातील शिलालेखाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत वेरूळचा समावेश १९८३ मध्ये झाला. छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम ३० किलोमीटरवर, एका सत्तांतराचा बखरीविना उरलेला पुरावा उघड्यावर उभा आहे. अक्षरे दरवर्षी थोडी थोडी झिजत आहेत. ज्या लढाईला नाव नाही, तिच्या बाबतीत वाचता येणारे प्रत्येक अक्षर मोलाचे आहे.

थोडक्यात घटनाक्रम

इ.स. ७३८-३९ : नवसारी ताम्रपट, अरब फौजेचा पराभव

इ.स. ७४१-४२ : वेरूळ ताम्रपट, दंतिदुर्ग अद्याप महासामंत

इ.स. ७५० : कीर्तिवर्म्याचा केंदूर ताम्रपट

इ.स. ७५३ : दंतिदुर्गाचा चालुक्यांवर विजय (सर्वमान्य साल)

जानेवारी ७५४ : सामानगड ताम्रपट, दंतिदुर्गाला सम्राटाची बिरुदे

२५ जून ७५४ : पट्टदकल स्तंभलेख, राजा म्हणून कीर्तिवर्म्याचा उल्लेख

इ.स. ७५६ च्या सुमारास : दंतिदुर्गाचा मृत्यू, पहिला कृष्ण गादीवर

सप्टेंबर ७५७ : वक्कलेरी ताम्रपट, कीर्तिवर्म्याचा तळ भीमेच्या उत्तर तीरावर

इ.स. ७६८ : तळेगाव ताम्रपट, कृष्णाची फौज गंगवाडीत

इ.स. ८१२ : बडोदे ताम्रपट, महावराहाच्या पराभवाचे आणि एलापुराच्या मंदिराचे वर्णन